पहिल्या वैद्याचा दरवाजा

हृदयरोगाच्या आधुनिक इतिहासात जे प्रसंग ठळकपणे नोंदले जातात ते बहुधा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत घडलेले असतात. मुंबईपुरते बोलावयाचे तर १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. केप टाउनच्या डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदयारोपण करून तेव्हा तीन महिनेही उलटले नव्हते, आणि परळचा तो रोगी काही तासांतच दगावला असला तरी त्या शस्त्रक्रियेचे महत्त्व कमी होत नाही. पण भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात एका मागावरून दुसऱ्या मागाकडे धावणाऱ्या माणसाच्या छातीत जी कळ उठते तिचा निकाल परळला लागत नाही, आणि बऱ्याचदा ठाण्यालाही लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाला लागून असलेल्या एखाद्या दहा-बाय-बाराच्या दवाखान्यात बसलेला वैद्य त्या कळीला काय समजतो, यावर तो माणूस संध्याकाळ पाहणार की नाही हे पुष्कळअंशी ठरून जाते. या लेखाचा विषय तो दवाखाना, त्याच्या पुढची तातडीच्या विभागाची खोली, आणि अशाच एका आडबाजूच्या जागी बसून हृदयाच्या एका भीषण विकाराचा इलाज शोधून काढणारा एक महाराष्ट्रीय डॉक्टर, हा आहे.

कामवारी नदीच्या काठी वसलेले भिवंडी हे गाव एके काळी खाडीवरचे बंदर होते. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतून आलेले मोमीन विणकर येथे स्थिरावले, पुढे तेलंगणातले पद्मशाली आले, हातमाग गेले आणि यंत्रमाग आले. २०११ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ७ लाखांवर भरली. तीत मोजले न गेलेले, गावाकडे एक पाय आणि कारखान्यात एक पाय ठेवून जगणारे किती होते हे शिरगणतीच्या दप्तरालाही सांगता यावयाचे नाही. अलीकडे काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली या गावांच्या भातशेतीवर गोदामे उभी राहिली आहेत आणि मुंबईत घरपोच जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा येथून हलतो. त्यामुळे कामकऱ्यांमध्ये विणकरांच्या जोडीला हमाल आणि ट्रकचालक यांची भर पडली. या सर्वांत समान असे काही आहे: बारा-बारा तासांची पाळी, भिशीतले, म्हणजे सामाईक खाणावळीतले, दोन वेळचे जेवण, झोपेची उलटापालट, तंबाखू किंवा विडी, आणि घरापासून शेकडो कोस दूर असणे. हृदयविकाराच्या पोटी जी कारणे वैद्यकग्रंथांत दिलेली असतात त्यांतली बरीचशी या एका वाक्यात येऊन जातात.

येथे छातीत दुखू लागले की पहिला तर्क पित्ताचा, दुसरा गॅसचा. दुखणे छातीच्या मधोमध, दाबल्यासारखे, डाव्या हातात किंवा जबड्यात चढणारे, आणि सोबत गार घाम, एवढे सगळे असूनही सोडा पिऊन किंवा ओव्याची फक्की मारून माणूस पुन्हा मागावर जाऊन उभा राहतो. याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. मागकऱ्याची मजुरी विणलेल्या मीटरवर असते. माग थांबला की मजुरी थांबते, आणि अर्धी पाळी टाकून दवाखान्यात जाणे म्हणजे दवाखान्याचा खर्च अंगावर घेऊन वर मजुरीही बुडविणे. ज्याने हा हिशेब कधी केला नाही त्याने या माणसाला उशिराबद्दल दोष देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उशीर किती होतो, हे भिवंडीच्या नव्हे पण देशाच्या बाबतीत मोजले गेले आहे. बंगळुरूचे डॉ. डेनिस झेवियर आणि त्यांचे सहकारी यांनी ५० शहरांतील ८९ रुग्णालयांमध्ये दाखल झालेल्या २०,९३७ हृद्रोग्यांची नोंद ठेवून तिचे निष्कर्ष २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे निघाला, म्हणजे सहा तास. आणि दारातून रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या सुईपर्यंत आणखी ५० मिनिटे. गरीब रोग्यांपैकी ८.२ टक्के तीस दिवसांच्या आत मरण पावले, सधनांपैकी ५.५ टक्के. इथवर आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पण संशोधकांनी पुढे हेही तपासले की हा फरक कशामुळे पडतो. तेव्हा असे दिसले की उपचारांतला भेद हिशेबात घेतला की मृत्यूंतला भेद नाहीसा होतो, परंतु रोग्यांच्या मूळ प्रकृतीतला भेद हिशेबात घेऊन तो नाहीसा होत नाही. सरळ सांगावयाचे तर गरिबाला उपचार कमी मिळतात म्हणून तो अधिक मरतो, त्याचे हृदय अधिक दुबळे असते म्हणून नव्हे.

आणि हे उपचार तरी केवढे महाग असतात? १९८८ साली १७,१८७ रोग्यांवर पार पडलेल्या 'आयसिस-२' या चाचणीने दाखवून दिले की हृदयविकाराचा झटका आल्यावर दिलेली ॲस्पिरिनची साधी गोळी पाच आठवड्यांतले हृदयमृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटविते, स्ट्रेप्टोकायनेजचे इंजेक्शन २५ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी. मात्र वेळेचे बंधन कडक आहे. १९९६ साली अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून एरिक बोअर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो हिशेब मांडला त्याप्रमाणे गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या तासात दिले तर हजारामागे ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात दिले तर ३७, आणि तिसऱ्या तासात २६. सहा तासांच्या विलंबाचा अर्थ या तीन आकड्यांपुढे ठेवून वाचावा.

आता त्या तातडीच्या खोलीत शिरू. रोगी येतो तो बहुधा रिक्षातून, दोघांनी बगलेत धरलेला. आणणारे नातेवाईक नसतात, भिशीत शेजारी बसून जेवणारे असतात. त्याला खाटेवर निजवून सदरा वर करतात. छाती घामाने निथळत असते आणि कार्डिओग्राम काढणाऱ्याचा पहिला झगडा या घामाशी असतो, कारण ओल्या त्वचेवर चिकटपट्ट्या टिकत नाहीत, जुन्या यंत्रांचे रबरी फुग्यांचे चूषक तर सटकन निसटतात. म्हणून आधी कापसाने छाती कोरडी करणे, केस दाट असतील तर वस्तऱ्याने जागा करणे, मग बोटांनी बरगड्या मोजीत चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजवीकडे पहिली पट्टी, डावीकडे दुसरी, असे करीत सहावी पट्टी काखेच्या मध्यरेषेपर्यंत न्यावयाची. दुसऱ्या फटीत लावली गेली तर आलेख खोटे बोलू लागतो. रोगी दारात आल्यापासून दहा मिनिटांत हा कागद डॉक्टरच्या हाती असावा असा जगभरचा दंडक आहे. सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकणाऱ्या त्या चौकटीच्या कागदावर एरवी सपाट धावणारी रेघ जर शेजारच्या दोन लीडांमध्ये, म्हणजे हृदयाच्या एकाच बाजूकडे पाहणाऱ्या दोन आलेखांत, वर उचललेली दिसली, तर हृदयाची एक धमनी त्या क्षणी पूर्ण बुजलेली आहे असे धरून चालावे लागते.

पण अनुभवी डॉक्टर एवढ्यावर थांबत नाही. उचल खालच्या भिंतीच्या लीडांत असेल तर तो छातीच्या उजव्या बाजूला पट्टी लावून आणखी एक आलेख काढतो. कारण उजवा कप्पा झटक्यात सापडलेला असेल तर छातीच्या दुखण्यावर सर्रास जिभेखाली ठेवली जाणारी गोळी रक्तदाब एकदम खाली आणून रोग्याचा घात करू शकते. पहिला आलेख निर्दोष निघाला म्हणून रोग्याला घरी धाडणे हा तर या खोलीतला सर्वांत जुना अपराध होय; दुखणे चालू असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, आणि त्यानंतर पुन्हा, कागद काढावा लागतो. मग प्रश्नांची फैर: पूर्वी पक्षाघात झाला होता काय, पोटातून रक्त गेले होते काय, अलीकडे शस्त्रक्रिया, डोक्याला मार? गुठळी विरघळविणारे औषध मेंदूत रक्तस्रावही घडवू शकते, म्हणून ही जबानी घेतल्यावाचून सुई टोचता येत नाही. संमतीच्या कागदावर सही करण्यास सोबतचा माणूस कचरतो, पत्नी किंवा भाऊ दूरच्या जिल्ह्यात असतो, मग फोनवरून त्यांना समजावणे. आणि या सर्व काळात घड्याळ त्या ६५ वरून ३७ कडे सरकत असते.

हे काम करणाऱ्या वैद्याला स्वतंत्र शाखेचा तज्ज्ञ मानण्याची वहिवाट आपल्याकडे फार जुनी नाही. 'कॅज्युअल्टी' म्हणजे ज्याला अन्यत्र बसविता येत नाही अशा नवशिक्याला बसविण्याची जागा, असाच समज पिढ्यान् पिढ्या होता. तातडीच्या वैद्यकाला भारतीय वैद्यक परिषदेने स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. इतरत्र हा विचार आधी रुजला होता. बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ साली, रोगी रुग्णालयात पोचण्याआधीच मरतो तर रुग्णालयानेच रोग्याकडे जावे, असे ठरवून मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा सुमारे ७० किलो वजनाचा झटकायंत्राचा संच रुग्णवाहिकेत चढविला. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ सालापासून सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. परंतु माणकोली, राजनोली, अंजूरफाटा, कशेळी या नाक्यांवर संध्याकाळी गोदामांचे ट्रक उभे राहिले की गाडी कितीही सुसज्ज असो, ठाण्यापर्यंतचे पंधरा-सोळा किलोमीटर लांबच लांब होत जातात.

दूरच्या गोष्टी येथे सोडतो. कारण ज्याचे उदाहरण या गावाने डोळ्यांपुढे ठेवावे असे मला वाटते तो डॉक्टर याच कोकणपट्टीत, महाडला आहे.

१९७६ साली, नागपूरहून वैद्यकीय पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातून, अत्यंत हलाखीतून शिकत ते वर आले होते. ती कैफियत त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात आहे. केंद्रात लाल विंचू चावलेली माणसे येत, विशेषतः मुले, आणि त्यांपैकी कित्येक मरत. भाताच्या पेंढ्यात, रचलेल्या दगडांत, कौलांत राहणारा हा विंचू. त्याच्या दंशाने फुप्फुसांत पाणी भरते हे मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले होते. परंतु ते का भरते आणि ते थांबवावे कसे याचा उलगडा झालेला नव्हता. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरची औषधे, डिजॉक्सिन, गुंगी आणणाऱ्या मिश्रणाची सुई, जे हाताशी असेल ते दिले जाई.

बावस्करांनी जे केले ते वर्णन करावयास सोपे आणि करावयास कठीण आहे. ते रोग्यापाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब वेळोवेळी टिपीत गेले, आणि या टिपणांतून त्यांना एक क्रम दिसू लागला. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही असा रोगी पुष्कळदा अधिक धोक्यात असतो. त्याला ओकारी होते, सर्वांगाला घाम सुटतो, पुरुष असेल तर शिश्न ताठरते, हातपाय बर्फासारखे गार पडतात. आणि या चार खुणा दिसल्या की काही तासांत हृदय थकून खोकल्याबरोबर गुलाबी फेस येणार, हे आधीच सांगता येते. या पूर्वसूचक चिन्हांवरचा त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'ने छापला. तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात बसून केलेले हे निरीक्षण होते, प्रयोगशाळेचा त्यात भाग नव्हता.

कारणाचा उलगडा असा. विंचवाचे विष मज्जातंतूंची दारे उघडी ठेवते, आणि शरीरात ॲड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा महापूर लोटतो. सर्व सूक्ष्म धमन्या आवळल्या जातात, म्हणूनच हातपाय गार, रक्तदाब चढतो, आणि तोंडाशी नळी आवळून धरलेल्या पंपाप्रमाणे हृदय त्या प्रतिकाराविरुद्ध ढकलत ढकलत अखेर हरते, तेव्हा मागे साचलेले रक्तजल फुप्फुसांत उतरते. म्हणजे हा विकार विषबाधेचा असला तरी मरण तीव्र हृदयविकाराचे आहे. एवढे कळल्यावर हृदयाला चाबूक मारणाऱ्या औषधांचा उपयोग नाही, आवळलेल्या धमन्या सैल केल्या पाहिजेत, हे ओघानेच आले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. होऊन परतल्यावर त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. पण ते थेंबाथेंबाने, उजेडापासून बाटली झाकून, क्षणोक्षणी रक्तदाब मोजीत द्यावे लागते, आणि रात्री दोन वाजता वीज गेलेल्या केंद्रात ते कोण करणार? तेव्हा त्यांची नजर प्राझोसिनकडे वळली. रक्तदाबावरची ही तोंडाने घ्यावयाची गोळी नेमक्या त्या आवळणाऱ्या ग्राहींनाच अडविते, आणि आडगावच्या दुकानातही मिळू शकते. १९८३-८४ च्या सुमारास तिचा वापर सुरू झाला आणि १९८६ साली त्याची हकीकत पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आली. पूर्वी गंभीर दंशाचे ३० ते ४० टक्के रोगी मरत. प्राझोसिनचा अंमल सुरू झाल्यावर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

यानंतर एखादा माणूस स्वस्थ बसला असता. पुढे हाफकिन संस्थेने लाल विंचवाविरुद्ध प्रतिविष तयार केले, तेव्हा आपल्याच गोळीला स्पर्धक आला म्हणून नाक न मुरडता बावस्करांनी, त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांच्या सहकार्याने, महाडच्या आपल्या रुग्णालयात रीतसर चाचणी घेतली: ७० रोगी, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष, निम्म्यांना केवळ प्राझोसिन. दहा तासांच्या अखेरीस पहिल्या गटातले ३५ पैकी ३२ पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातले ३५ पैकी ८. बरे होण्याचा सरासरी काळ ८ तासांविरुद्ध १७.७ तास. हा निबंध २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. स्वतःचा इलाज अपुरा आहे हे स्वतःच सिद्ध करणारे संशोधक विद्यापीठांतही थोडेच आढळतात. दोन वर्षांनी, रोगी तपासणीस पाठविल्याबद्दल एका केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदविली, हे जाता जाता सांगून ठेवतो. ज्या धंद्यात अँजिओग्राफीच्या चिठ्ठीलाही भाव असल्याचे बोलले जाते त्या धंद्यात ही बाब किरकोळ नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

भिवंडीशी याचा संबंध दुहेरी आहे. पहिला सरळ: तालुक्याच्या ग्रामीण भागात, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला आणि वीटभट्ट्यांवर, जेथे कातकरी कुटुंबे हंगामभर विटांच्या थप्प्यांशेजारी झोपड्या टाकून राहतात, तेथे विंचू घरचाच, आणि तो चावलेल्या मुलाला घाम आणि ओकारी सुरू झाली तर मांत्रिकाकडे दवडलेला अर्धा तास आणि प्राझोसिनची एक गोळी यांतला फरक पहिल्या वैद्याला ठाऊक असावयास हवा. दुसरा संबंध पद्धतीचा. यंत्रमागवाल्याच्या छातीतली कळ हा बावस्करांच्या विंचवासारखाच रोग आहे, या अर्थाने की त्याचा इलाज ठाऊक आहे, स्वस्त आहे, आणि तो पहिल्या दारातच द्यावयाचा आहे.

ते करता येते याला पुरावा आहे. तमिळनाडूत डॉ. टॉमस अलेक्झांडर आणि डॉ. अजित मुल्लासरी यांनी लहान रुग्णालये एका मोठ्या हृदयकेंद्राशी जोडली. लहान जागी आलेख काढावयाचा, तो तत्क्षणी केंद्राकडे धाडावयाचा, औषध तेथेच टोचावयाचे, आणि मग रवानगी करावयाची. २,४२० रोग्यांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, आणि वर्षाअखेरचे मृत्यूचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. महाराष्ट्र शासनानेही हा नमुना निवडक जिल्ह्यांत उचलला आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी रुग्णालये आहेत, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय खाडीपलीकडे आहे. साखळी जोडावयास कड्या उपलब्ध आहेत. उणीव आहे ती गल्लीतल्या दवाखान्याची. तेथला वैद्य कोणत्या पद्धतीचा पदवीधर आहे यावर वाद घालण्यात आपण बरीच वर्षे घालविली. रोगी त्याच्याकडेच येणार हे गृहीत धरून त्याला आलेख काढावयास, तो फोनवरून धाडावयास आणि ॲस्पिरिन चघळावयास देण्यास शिकविणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि संशयित झटक्याच्या रोग्याला सलाइन लावून दोन तास निजवून ठेवणे हा कसूर मानला जाईल, असे स्थानिक वैद्यक संघटनांनीच ठरवून टाकावे.

संशोधनासाठीही मोठी तजवीज लागणार नाही. चार रकान्यांची एक वही प्रत्येक तातडीच्या खोलीत असावी: दुखणे केव्हा सुरू झाले, पहिल्या दारात केव्हा पोचला, आलेख केव्हा निघाला, सुई केव्हा टोचली. एवढी नोंद वर्षभर प्रामाणिकपणे झाली तर वेळ नेमका कोठे वाया जातो, मागापाशी, दवाखान्यात, की माणकोलीच्या नाक्यावर, हे भिवंडीला प्रथमच कळेल, आणि ते सांगण्यासाठी परळच्या कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

कारखानदारांना मात्र वेगळी विनंती आहे. आपल्या कारखान्यातल्या मुकादमाला एवढे बजावून ठेवावे की छातीत दाब येऊन ज्याला गार घाम सुटेल त्याला पाळी संपण्याची वाट न पाहता, चालत न पाठविता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने, जेथे आलेख निघतो अशाच ठिकाणी न्यावे. आणि माग बंद ठेवावा लागला तरी त्या दिवसाचे मीटर त्याच्या हिशेबात पुरे धरावेत.